मामा, ब्लोअर का चालू ठेवत होता?

मामा, काल तुमचं तेरावं झालं. मांडवात जेवायला बसलेल्या प्रत्येकानं तुम्हाला देवमाणूस म्हटलं. मी बुंदी वाढत होते. एका पाहुण्यानं मान वर करून मला विचारलं, "सासरा म्हंजी बापच व्हता की तुमचा?" मी त्यांच्या पानात आणखी बुंदी टाकली आणि पुढं सरकले. काय सांगणार होते? सहा-सात वर्षं ज्या माणसानं मला 'पाणी दे' एवढंसुद्धा तोंडानं म्हटलं नाही, तो बाप कसा, हे पंगतीत उभं राहून सांगता येत नाही.

म्हणून आज सांगते, तुम्हालाच. घरात कुणी नाही. पाहुणे सकाळच्या गाडीनं गेले आणि तुमचा लेक तुम्ही गेल्यापासून आज पहिल्यांदा पाळीवर गेलाय, कुरकुंभला कंपनीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुमच्याबद्दल बोलतच नाहीये. मी तुमच्याशी भांडतेय. त्याला कुणाची हरकत नसावी.

तुम्ही मला पसंत केलंत ते कशावरून, आठवतं का? न्हावऱ्याला आमच्या घरी बघायला आला होता. बाकीच्यांनी नाव, शिक्षण, भाकरी थापता येते का, असलं विचारलं. तुमचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. तुम्ही आमच्या माजघराच्या दाराकडं बघत होता. उघडताना ते फरशीला घासायचं. तुम्ही विचारलंत, "पोरी, हे दार का घासतंय?"

मी म्हणाले, "ओल्या लाकडाची चौकट बसवलीया. सुतारानं घाई केली."

माझ्या वडलांनी डोळे वटारले. त्या सुताराला त्यांनीच घाई करायला लावली होती. तुम्ही मात्र मांडीवर थाप मारून हसलात. "पोरगी पसंत हाय. खरं बोलती."

खरं बोलणारी सून तुम्हाला दुसऱ्याच्या दाराबद्दल हवी होती, मामा. स्वतःच्या शेडबद्दल नको होती.

कासुर्डीतल्या या घरात आले तेव्हा त्या शेडचं मला कौतुकच होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकून उभं केलेलं पत्र्याचं शेड, आत कटर, रंधा मशीन आणि भिंतीला ओळीनं टांगलेल्या पटाशा. कंपन्यांमुळं पोरांच्या हातात पगार आले होते, जो तो स्लॅबचं घर बांधत होता, आणि यवतपासून चौफुल्यापर्यंत दारं-चौकटी म्हटलं की तुमचं नाव निघायचं. मी शिवणकाम करते हे कळल्यावर तुम्ही मला मशीनसाठी सागवानी टेबल करून दिलंत. मला खुर्चीवर बसवून माझ्या कोपराशी दोरी धरलीत आणि त्यावरून टेबलाची उंची घेतलीत. आजही दिवसभर ब्लाउज शिवले तरी माझी पाठ दुखत नाही. हे मी नाकारत नाही. तुमचं चांगलं मी विसरले असते तर भांडायला इतकं जड गेलं नसतं.

पण तो भुसा.

बाभळीचा भुसा जड, तो खाली बसायचा. कडुलिंबाचा उडायचा. पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून तो स्वयंपाकघरात यायचा आणि परातीतल्या पिठावर लालसर साय धरायचा. भाकरी कडू लागायची. वीज यायची सकाळची थोडा वेळ. ती आली की तुमचा कटर सुरू, आणि माझाही स्वयंपाक त्याच वेळी. पाण्याच्या हंड्यावर दुहेरी फडकं बांधायचं हे मला माझ्या सासूनं, आत्याबाईंनी शिकवलं. त्या खोकत खोकत शिकवायच्या. मी आले तेव्हाच त्यांचा खोकला जुना होता. त्या चुलीपाशी बसून खोकायच्या, अंथरुणावर उठून बसून खोकायच्या, आणि पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "त्यांना न्हाई आवडत आवाज." एका उन्हाळ्यात त्या गेल्या. कशानं, ते कुणी विचारलं नाही.

दोन वर्षांत माझी छाती वाजायला लागली. यवतच्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं आणि विचारलं, "घरात धूळ कसली हाय?" मी सांगितलं. त्यांनी तोंडात मारायचा पंप लिहून दिला आणि तुमच्या लेकाला म्हणाले, "ह्यांना धुळीपासून लांब ठेवा, न्हाई तर पंप जन्माचा."

घरी येऊन हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तंबाखू मळत होता. मळणं थांबवलंसुद्धा नाहीत.

"डाक्टरला काय कळतंय? आमच्या सात पिढ्या भुश्शात लोळल्या. कुणाला काय झालं न्हाई."

"आत्याबाईंना झालं होतं," मी म्हणाले.

"तिला खोकायची सवयच व्हती."

माणसाला खोकायची सवय असते, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मामा, त्या दिवसापर्यंत तुमच्याबद्दल माझी तक्रार होती. त्या दिवसापासून राग आला. जी बाई तुमच्या कटरशेजारी आयुष्यभर भाकरी थापत बसली, तिच्या खोकल्याला तुम्ही सवय म्हणालात आणि मळलेली तंबाखू तोंडात टाकलीत.

पुढं मलाही तुम्ही नाव ठेवलंत. मी पंप ओढताना दिसले की तुम्ही लेकाला म्हणायचा, "नाटक चाललंय बघ." एकदा दम इतका लागला की हातातली परात खाली पडली. तुम्ही शेडच्या दारातून बघितलंत आणि पुन्हा आत गेलात. कटर सुरू झाला. त्याच दुपारी मी पिशवी भरली आणि चौफुल्यावरून न्हावऱ्याची गाडी धरली.

तुमचा लेक मला न्यायला आला तेव्हा मी अट घातली. "एक तर शेड हलवा, न्हाई तर धुळीचं काहीतरी करा. त्याशिवाय मी त्या घरात येणार न्हाई." शेड हलवायला दुसरी जागा नव्हती. हे कुरकुंभच्या औषध कंपनीत पावडर सेक्शनला काम करतात. तिथं औषधाची पावडर उडाली की खेचून घेणारा डस्ट कलेक्टर असतो. हे म्हणाले, "तसलंच बारकं आपल्या शेडात बसवू. आप्पांना मी बघतो."

त्यांनी तुम्हाला कसं बघितलं ते मला ठाऊक नाही. मी परत आले तेव्हा अंगणात भंगारातून आणलेला एक ब्लोअर, हवा खेचणारा पंखा, पडला होता, गंजलेला, आणि त्याच्याशेजारी बाजेवर तुम्ही पाठ करून बसला होता.

ते बसवायला त्यांची महिनाभराची सगळी सुट्टी गेली. मोटारीत नवी तार भरून आणली. शेडच्या मागं लोखंडी अँगलचा स्टँड करून त्यावर ब्लोअर ठेवला. विहिरीच्या पाइपलाइनचे उरलेले पाइप होते, ते वापरले. कटरच्या पोटाखाली पत्र्याचं नरसाळं लावलं, रंध्याला एक टोपी केली, दोन्हीकडचे पाइप एका डांबराच्या पिंपात आणले. जाड भुसा त्या पिंपात पडणार, बारीक धूळ पुढं ब्लोअरमधून कापडी पिशवीत जाणार, आणि पिशवीतून नुसती हवा बाहेर पडणार. ती पिशवी शिवायची माझ्याकडं होती.

तुम्ही रोज लाकडाच्या थप्पीवर येऊन बसायचा. मदत करायला नाही. "भोक वाकडं पाडलंस, दत्ता." "पाइपाला उतार न्हाई दिलास." "कंपनीत हेच शिकवत्यात व्हय?" लेक घामानं निथळत होता, तुमची जीभ थांबत नव्हती. कुठल्या मशीनकडून हवा खेचायची ते ठरवायला पाइपात झडपा लागत होत्या. ह्यांनी प्लायवूडचे तुकडे कापून सरकत्या झडपा केल्या. त्या अडकायच्या. तुम्ही एक झडप हातात घेतलीत, इकडून तिकडून बघितलीत आणि उकिरड्याकडं भिरकावलीत. दुसऱ्या दिवशी सागवानी झडपा तयार होत्या. मेण लावलेल्या, बोटानं ढकलली की सरकायची, सोडली की जागच्या जागी थांबायची. मी नकळत "किती छान झाल्यात" म्हणून गेले.

"तुझ्यासाठी न्हाई केल्या," तुम्ही म्हणालात. "खराब काम बघवत न्हाई म्हणून केल्या."

ठीक आहे. मीही पिशवी तुमच्यासाठी शिवली नव्हती.

ब्लोअर पहिल्यांदा सुरू केला तेव्हा शेडचे पत्रे थरथरले आणि शेजारच्यांच्या म्हशीनं दावं तोडलं. पिशवी टम्म फुगली. मला आनंद झाला, पण थोडाच वेळ. मी ती मांजरपाटाची शिवली होती आणि कापड पातळ पडलं. बारीक धूळ त्यातून आरपार आली आणि वलणीवर वाळत घातलेल्या तुमच्या धोतरावर बसली. पांढरं धोतर गुलाबी झालं. तुम्ही ते हातात धरून सगळ्या आळीला दाखवलंत. "ही आमच्या सुनेची अक्कल."

मी शाळेच्या खाकी चड्डीचं जाड कापड आणलं. दुहेरी घेतलं, शिवण आतून दोनदा मारली, तोंडाला नाडी घातली. ती पिशवी टिकली. पुढच्या आठवड्यात परातीतलं पीठ पांढरं राहिलं. मी बोटानं ओट्यावर रेघ मारून बघायची. बोट स्वच्छ निघायचं. पंप हळूहळू फडताळात मागं गेला. मामा, ज्याला श्वास फुकट मिळतो त्याला हे सांगून कळत नाही. मला स्वयंपाक करताना गुणगुणायला यायला लागलं होतं.

आणि तुम्ही म्हणालात, "मला लाकूड ऐकू येत न्हाई."

लाकूड काय बोलतं, असं मी विचारलं. तुम्ही कधी नव्हे ते शांतपणे सांगितलंत, "बोलतं. गाठ आली की कटर वेगळा आवाज करतो. पातं अडकायला लागलं की कण्हतो. बंद केला की किती फिरायचा राहिलाय ते कानाला कळतं. आता नुसता तुझा भोंगा."

तुमचं म्हणणं खोटं नव्हतं. पण त्यावर उपाय काय, तर ब्लोअर बंद. दुसरा उपाय तुमच्या डोक्यात आलाच नाही. कटरच्या पात्यावरचं लोखंडी झाकण, ते गार्ड, तुम्ही 'मधे येतंय' म्हणून कधीच काढून कोपऱ्यात टाकलं होतं. ह्यांनी दोनदा सांगितलं, "आप्पा, ते लावा." तुम्ही म्हणालात, "गार्ड शिकाऊ पोरांना लागतं."

मग चोरी सुरू झाली. मी यवतच्या बाजाराला गेले की ब्लोअर बंद. येताना मला लांबूनच कळायचं, नुसत्या कटरचा आवाज यायचा. मी घरात पाऊल टाकीपर्यंत ब्लोअर घरघरायला लागलेला असायचा आणि ओट्यावर मात्र साय धरलेली. एवढा मोठा माणूस, आणि शाळेतल्या पोरासारखी लपवाछपवी. एक दिवस मी शेडच्या दारात जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांदेखत बोलले. गिऱ्हाईक बसलं होतं, तरी बोलले.

"उद्यापासून ब्लोअर बंद दिसला तर मी जाईन. ह्या वेळी परत येणार न्हाई."

तुम्ही गिऱ्हाइकाकडं बघून हसलात. "घरात एक भोंगा पुरत नव्हता," म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली आणि आधी ब्लोअर लागला, मग कटर. मी मनात म्हटलं, जिंकले. भाकरी तव्यावर होती. कटर चालू-बंद झालेला भिंतीपलीकडून मला कळत नव्हता, ब्लोअरचा आवाज सगळ्यावर होता. तुम्हीच स्वयंपाकघराच्या दारात आलात. उजव्या हातानं डावा हात धरला होता.

"फडकं दे," म्हणालात.

तुम्ही कटरचं बटण बंद केलं होतं. पातं अजून फिरत होतं. तुकडा काढायला हात घातलात. डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली.

मी गिऱ्हाइकाचं नवं कापड घेऊन हात गच्च बांधला, तुम्हाला काखेत धरून रस्त्यापर्यंत आणलं आणि हायवेवर मधोमध उभी राहिले. कांद्याचा टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं तुम्हाला मधे बसवलं. माझा पदर, पोलकं, सगळं रक्तानं माखलं होतं. तुमच्या कपाळावर घाम होता, पण तोंडातून 'आई गं' निघालं नाही. मी हात वर धरून ठेवला होता. निम्म्या वाटेत तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

"तुझ्या भोंग्यानं खाल्ली," तुम्ही म्हणालात.

आणि मी म्हणाले, "गार्ड कुणी काढलं होतं?"

ड्रायव्हरनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच सुरी चालवली. त्यानं ते पुढं यवतला सांगितलं, यवतवरून ते गावात आलं. सून सासऱ्याचा रक्ताळलेला हात धरून त्याला बोलली. सगळे म्हणतात, तेव्हा तसं बोलायला नको होतं. मी म्हणते, वेळ चुकली असेल. वाक्य चुकलं नव्हतं. ते मी आजही मागं घेत नाही.

तुम्हीही घेतलं नाहीत. तुमचं-माझं बोलणं त्या टेम्पोत संपलं.

गप्प बसणं म्हणजे काय असतं ते मी तुमच्याकडून शिकले. मी चहाचा कप घेऊन समोर उभी असायची आणि तुम्ही लेकाला म्हणायचा, "दत्ता, चहा झाला आसंल तर आणायला सांग." हे पाळीवर असले की गोठ्यातल्या गाईशी बोलायचा. "काय गं, आज आपल्याला भाकरी मिळायची हाय का न्हाई?" गाय बिचारी कान हलवायची, मी ताट आणून ठेवायची. अबोल्यातल्या पहिल्या दिवाळीला मी सगळं बाजूला ठेवून तुमच्या पाया पडायला वाकले. तुम्ही पाय मागं घेतलेत. माझे हात फरशीला टेकले. मामा, शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. तो फरशीचा गारवा सोसला नाही.

हात बरा झाल्यावर तुम्ही पुन्हा शेडात गेलात. मला वाटलं, आता ब्लोअर भंगारात जाणार. मी त्याची तयारी ठेवली होती. पंप पुन्हा पुढं काढून ठेवला होता. कोपऱ्यातलं गार्ड तुम्ही गुपचूप परत कटरला बसवलंत. आणि ब्लोअर चालू केलात. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. नुसता कटर चालताना नाही. तुम्ही सरस लावत असायचा, पॉलिश पेपर मारत असायचा, कधी नुसते थप्पीवर बसून चहा पीत असायचा, तरी तो घरघरतच असायचा. वीज आली की ब्लोअर, वीज जाईपर्यंत ब्लोअर. मी माहेरी गेले तरी चालू, असं शेजारीण सांगायची.

गावाला फार आवडलं ते. "बोटं गेली तरी सुनेसाठी मशीन चालू ठेवतोय," म्हणायचे. बायका मला हौदावर सांगायच्या, "नशीब काढलंस, शालन." मी कळशी उचलून घरी यायची. मला त्या आवाजात वेगळंच ऐकू यायचं. 'घे तुझा भोंगा. घे. अजून घे. तुझ्या श्वासापायी माझी बोटं गेली, ऐक दिवसभर.' माझी छाती मोकळी झाली होती, आणि ती कशाच्या बदल्यात झाली, ते तुम्ही मला रोज सकाळी बटण दाबून ऐकवत होता. मी ऐकत होते. पिशवी भरली की मी ती सोडवायची, झटकायची, उसवलं असेल तिथं शिवून परत बांधायची. तुम्ही तेवढा वेळ पाठ करून उभे राहायचा. इतकी वर्षं असं चाललं. त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. संसारात एवढी वर्षं एका कामात दुसऱ्या कुणाचा हातभार मला लागला नव्हता आणि इतका तिरस्कारही दुसऱ्या कुणाचा मी केला नव्हता.

यंदा तुमच्या पायांना सूज आली. चार पावलं चाललात की थांबायला लागलात. पुण्याला नेऊन छातीचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मला हसू आलं, मामा. तिथंच, त्यांच्यासमोर. हे माझ्याकडं बघतच राहिले.

औषधं दिली, मीठ बंद केलं. ओसरीवर तुमची बाज टाकली. शेड बंद झालं. घर इतकं शांत झालं की मला भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मी तुम्हाला आंघोळ घातली, पायाला तेल लावलं, औषधं वेळेवर दिली. तुम्ही भिंतीकडं बघत गोळी गिळायचा.

आणि त्या दुपारी मी ताट ठेवलं, तुम्ही एक घास घेतलात आणि म्हणालात, "आमटीत मीठ न्हाई."

मी आधी मागं वळून बघितलं. हे नव्हते. गायही ओसरीवर नव्हती. तुम्ही माझ्याशी बोलला होता.

"डॉक्टरांनी बंद केलंय," मी म्हणाले.

"डाक्टरला काय कळतंय?"

बास. एवढ्यानं सगळं फुटलं. मी म्हणाले, "हेच म्हणाला व्हता तुम्ही. माझ्या येळला बी हेच. आत्याबाईंच्या खोकल्याला सवय म्हणाला व्हता."

"मग काय रडत बसायचं व्हतं? काम सोडलं असतं तर खाल्लं काय असतं?"

"काम सोडा कोण म्हणालं? एक पाइप लावायचा व्हता!"

"पाइप लावला. बोटं गेली."

"गार्ड काढलं म्हणून गेली!"

"मी कान लावून काम करणारा माणूस. तू माझे कान काढून घेतलंस."

"आन् तुम्ही माझा श्वास!"

तुम्ही उशीवर हात टेकून उठून बसलात. ताट तसंच. आपण भांडलो, मामा. धोतर गुलाबी झालेलं निघालं, गिऱ्हाइकादेखत मी केलेला अपमान निघाला, मी माहेरी गेले तेव्हा तुम्ही परत नांदायला आणू नको म्हणाला होता तेही निघालं. दिवाळीला पाय मागं घेतल्याचं मी काढलं. तुम्ही म्हणालात, "तू वाकलीस ते लोकांसाठी वाकलीस." मी म्हणाले, "लोक कुठं व्हते तिथं? तुम्ही आन् मीच व्हतो." त्यावर तुम्ही म्हणालात, "ते माझं चुकलं." एवढंच. आणि लगेच पुढचं भांडण काढलंत. तुमच्या गालावर रंग आला होता. मला वाटलं, हा माणूस आता चार वर्षं मरत नाही.

शेवटी मी ते विचारलं. "मग रोज ब्लोअर का चालू ठेवत व्हता? काम नसताना बी? मी घरात नसताना बी? मला छळायला?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. सरळ. तोंड उघडलंत, आणि धाप लागली.

"थांब," तुम्ही म्हणालात. "जरा दम खाऊ दे. मग सांगतो."

मी पाणी दिलं. तुम्ही ते माझ्या हातून घेतलंत आणि आडवे झालात. झोप लागली. संध्याकाळी हे आले, तुम्हाला बघायला पाहुणे आले, बोलणं तिथंच राहिलं.

काल पंगती उठल्यावर तुमचा लेक माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आप्पा तुझ्यासाठीच चालू ठेवत व्हते गं."

"ते तुम्हाला म्हणाले?"

"म्हणाले न्हाईत. पण समजतंय की."

"मग गप बसा," मी म्हणाले. ते उठून गेले. उत्तर तुमचं होतं. ते कुणी परस्पर द्यायचं नाही. त्यांनी नाही आणि गावानंही नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, ह्यांनाही नाही. आपण भांडलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले होते. सगळं ठरवून ठेवलं होतं. तुम्ही 'तुझ्यासाठी' म्हणालात तर म्हणणार होते, मग इतकी वर्षं तोंड कशाला शिवलं होतं? 'छळायला' म्हणालात तर म्हणणार होते, झालं का समाधान? 'आवाजाची सवय झाली होती' म्हणालात तर त्यावरही माझ्याकडं होतं. चहा घेऊन ओसरीवर आले. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला होता. मला वाटलं, पुन्हा अबोला धरला. मला संताप आला. मी कप खाली ठेवला आणि उभ्या उभ्या बोलायला सुरुवात केली. काल दम खातो म्हणालात, खाल्ला का? आता द्या उत्तर, असं. मग आत्याबाईंचं बोलले, माझ्या परातीचं बोलले. टेम्पोत तुमचा हात धरला होता तेव्हा मला किती भीती वाटली होती, हे तोपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, तेही बोलून गेले. पुष्कळ बोलले, मामा.

तुम्ही मधे तोडलं नाहीत, तेव्हा मला कळलं.